दुसरी सही

१४ मार्चला प्रयोगशाळेत अडतीस हजार चारशे पन्नास रुपयांचा नवा पीएच मीटर आला आणि साहेबांनी तो धाकटीच्या टेबलावर ठेवायला सांगितला. थोरलीच्या पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. धाकटीला इथे चिकटवलं ते थोरलीनेच, साहेबांची मनधरणी करून. आता ती कपाळावर हात मारी. "घरात सासूबाईंनी आणली, कामावर मी आणली. दोष कुणाला देऊ?"

द्रावणांची खोली म्हणजे थोरलीचं माहेर. आम्लाकडची चारची, मधली सातची, पलीकडची दहाची, अशी बाटल्यांची रांग इतकी वर्षं तिच्याच हातची. तिच्या जुन्या मीटरचा काटा हो-नाही करत एकदाचा टेकायचा; नवा मीटर झटकन आकडा सांगे. सगळे हसत तिला लिटमसवहिनी म्हणत. आंबट काही दिसायचा अवकाश, चेहरा लाल!

त्यात जूनमध्ये खोलीप्रमुखाची जागा भरायची होती. दोघींपैकी एकीला मिळणार, हे साहेबांनी सांगूनच टाकलं होतं. त्या खुर्चीवर थोरलीचा जीव होता.

खोलीची एक शिस्त होती. द्रावण करणारीने बाटलीच्या चिठ्ठीवर सही करायची, मग दुसरीने तपासून दुसरी सही करायची. त्याशिवाय बाटली बाहेर जात नसे.

एप्रिलात तपासणी विभागाला मोठी बाटलीभर ट्रिसचं द्रावण हवं होतं. ट्रिस ही पांढरी पूड मोठी नखरेल. कोमट असताना साडेसात दाखवणारं तिचं द्रावण गार झालं की आठाकडे सरकतं. म्हणून आधी गार होऊ द्यायचं, मगच थेंब थेंब आम्ल घालून आकडा जुळवायचा. धाकटीने पाणी शुद्धीकरण यंत्रातून तसंच गरम घेतलं, पूड विरघळवली आणि लगोलग आकडा जुळवला.

"झालंसुद्धा?" थोरलीने विचारलं.

"हा मीटर तापमानाचा हिशेब आपला आपण धरतो, वहिनी. आपण कशाला ताटकळायचं?"

मीटर हिशेब धरतो तो स्वतःच्या मोजण्याचा, पुडीच्या नखऱ्यांचा नाही. हे थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने बाटलीला हात लावला. बाटली चांगली कोमट होती.

"करा ना सही," धाकटी म्हणाली.

थोरलीने सही केली.

बाटली गार होताच आकडा सरकला आणि तपासणी विभागाचं तीन दिवसांचं काम वाया गेलं. साहेबांनी बाटली टेबलावर आदळली. "दुसरी सही कुणाची?"

थोरलीने बाटलीवरची चिठ्ठी आपल्याकडे वळवली. तेवढ्यात धाकटी बोलली, "वहिनींची आहे, साहेब, पण मीच घाई केली. त्यांना नीट बघूसुद्धा दिलं नाही. भरपाई माझ्या पगारातून घ्या."

दोन हजार सहाशे चाळीस रुपये कापले गेले. जूनमध्ये खुर्ची थोरलीला मिळाली. पण खुर्चीत बसताना तिच्या मनात एकच येत होतं: मेली चांगुलपणातही माझ्या पुढेच!

पहिल्या पगाराला ती धाकटीच्या टेबलाशी गेली आणि नोटा पुढे केल्या.

"हे कसले?"

"हजार आहेत, भरपाईच्या माझ्या अर्ध्या वाट्यातले. दुसरी सही माझी होती."

धाकटीने आढेवेढे न घेता नोटा पर्समध्ये टाकल्या. मग मीटरची द्रावणात बुडवायची कांडी धूत, वर न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी बाटली गरम लागली ना, की सांगा हं वहिनी."

थोरलीचा चेहरा लाल झाला. या खेपेला खोलीत हसायला तिसरं कुणी नव्हतं.

तिने मनाशी हिशेब मांडला: निम्मे तेराशे वीस होतात. त्यातले हजार दिले. तीनशे वीस रुपये द्यायचे राहिले आहेत.