पुंजाजीची पाचची घंटा

धम्मदीप अकोला आगारात कंडक्टर. अकोला-अमरावती आणि अमरावती-अकोला, मधे मूर्तिजापूर अन् बडनेरा, असा त्याचा संसार. हात तिकिटाच्या मशीनवर असायचे, कान मात्र ड्युटीवर नसायचे. कोणत्या बाईनं नवऱ्याला काय सुनावलं, सोयरीक मोडून परतणारे पाहुणे एकमेकांना काय बोलले, हे सगळं तो तिकिटाच्या कागदाच्या उरलेल्या तुकड्यांवर टिपून ठेवी. घरी आला की वर्दीच्या खिशातून असे तुकडे निघत आणि बायको, माया, भाकरी थापता थापता विचारी, "आज कोनाचं भांडन आनलं?" मग तीच ते मोबाइलवर टाइप करून देई. असं करत करत त्यानं तीन एकांकिका आणि दोन पटकथा लिहिल्या. रजा जुळवून, सोबत्यांशी ड्युट्या बदलून त्यांत कामंही केली. कुणी त्याला हौशी म्हणे, कुणी येडा. दोन्ही खरंच होतं.

पण जी पटकथा त्याला जिवापाड प्रिय होती, ती प्रवाशांकडून ऐकलेली नव्हती. तिची गोष्ट त्याच्या बापानं दिली होती.

पुंजाजी बार्शीटाकळीकडच्या एका गावात शाळेचे शिपाई होते. चौतीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली. गाव त्यांच्या घंटेवर घड्याळ लावी. अकोल्याहून कुठं जायचं असलं की ते लेकाचीच गाडी धरत आणि कंडक्टरच्या शेजारची जागा त्यांची ठरलेली. तिथंच बसून एक दिवस, मूर्तिजापूर सोडल्यावर, त्यांनी न विचारता सांगितलं.

"तुही माय गेली ना, त्या दिवशी सांगावा तीन वाजताच आलता. तिले झटके येऊन राहिले म्हने. हेडमास्तर गावाले गेलते. घंटा कोन वाजवीन, असं वाटलं मले. होईन कमी, असं वाटलं. पाचची घंटा देली अन् मंग पयालो. घरी पोचलो तवा ते गेलती. सर्व्यायले सांगतलं का सांगावाच पाचानंतर आला. तुह्या मामाले बी तेच सांगतलं."

धम्मदीप तेव्हा चार वर्षांचा होता.

"लिवजो तू हे," पुंजाजी म्हणाले. "पन नाव तुहं पायजे. लेकानं बापाची चूक सांगतली त ते कबूल केल्यासारखं होते. परक्यानं सांगतली त चुगली होते."

आता खरं तर एवढ्यावर शहाण्या माणसानं सावध व्हायला हवं होतं. पण नोकरीत असताना बाहेरच्या कामाला आपलं नाव लावायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते आणि अर्ज द्यायची धम्मदीपला लाज वाटे. आगारात कोणी हसेल, याचंच भय. त्याचा कॉलेजपासूनचा जिवलग, अमरावतीचा पियुष, लघुपट काढायचा. एका ताटात जेवलेली दोस्ती. तो म्हणाला, "स्पर्धेचा फॉर्म भराची तारीख जाऊन राहिली. आता माहं नाव टाकतो. परवानगी आली का बदलवू. मी काय तुहं नाव खाऊन राहिलो काय?"

माया तिथंच होती. "नाव बदलवाले ते काय मोबाइलचं सिम हाय?" ती म्हणाली. "लिव्हून घ्या त्यायच्याकडून."

"पियुषकडून लिव्हून घेऊ?" धम्मदीप तिच्यावरच खेकसला.

मग चित्रीकरण सुरू झालं. शिपायाची भूमिका धम्मदीपची ठरली होती. ऐनवेळी पियुषनं पुण्याचा नट आणला आणि धम्मदीपला सांगितलं, "तू वर्दी घालूनच ये, कंडक्टर कर." दोन वाक्यं होती. तीही त्यानं जीव ओतून म्हटली. भूमिका गेली तर गेली, लेखणी तर आपली आहे, अशी मनाची समजूत घातली. अर्जही एकदाचा दिला. परवानगीचा कागद आला, त्याच दिवशी त्याचा फोटो पियुषला पाठवला. पियुषनं उत्तरादाखल मोबाइलवरच अंगठा दाखवला. त्या अंगठ्यावर हा गडी निर्धास्त झोपला.

अमरावतीला लघुपट दाखवायचा दिवस आला. पुंजाजींनी नवं धोतर काढलं. "डोमाजीले बी घेऊन चाल," म्हणाले. डोमाजी म्हणजे धम्मदीपचा मामा. "त्याच्या म्होरं तोंड उघडाची माही हिंमत नाई झाली कवा. तुह्या नावानं कबूल होतो."

सभागृहात तिघं ओळीनं बसले. पुंजाजींचा हात लेकाच्या गुडघ्यावर होता. पडद्यावर तीन वाजता सांगावा आला, तेव्हाही तो हात तिथंच राहिला. डोमाजीनं मान वळवून मेव्हण्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला. पाचची घंटा झाली. चित्र संपलं. काळ्या पडद्यावर नावं येऊ लागली. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, चारही ठिकाणी पियुषच. अगदी खाली, चहा देणाऱ्यांच्याही नंतर, 'कंडक्टर: धम्मदीप'.

गुडघ्यावरचा हात उचलला गेला.

पियुषला लेखनाचं बक्षीस मिळालं. आयत्या बिळावरचा नागोबा माइक धरून म्हणाला, "ही गोष्ट मला एकदा बसच्या प्रवासात सुचली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी डोमाजी हळूच म्हणाला, "भाऊजी, या परक्या पोट्ट्याले बी माहीत होतं. फक्त मलेच नव्हतं काय?" डोमाजी उठला आणि एकटाच निघून गेला.

बाहेर धम्मदीपनं पियुषची कॉलर धरली. पियुष शांतपणे म्हणाला, "फॉर्म तुह्या परवानगीच्या आंधी गेला होता ना भाऊ. अन् कोनं म्हनलं तुले नाव लपवाले?" केसानं गळा कापला होता आणि तो केस आपणच हातात दिला होता. कॉलर सोडून द्यावी लागली.

रात्र नातेवाइकांकडं काढली. पुंजाजी जेवले नाहीत.

सकाळची अमरावती-अकोला धम्मदीपचीच होती. पुंजाजी चढले. शेजारची जागा त्यानं पिशवी ठेवून धरली होती. ते तिच्यावरून नजरही न फिरवता थेट मागच्या बाकावर जाऊन बसले. धम्मदीप पुढून तिकिटं देत निघाला आणि बापाला काय सांगायचं ते मनात जुळवत राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद लिहिणाऱ्याला एक वाक्य धड सुचेना. बडनेरा आलं तेव्हा तो शेवटच्या बाकापाशी पोहोचला.

"बाबा, मी त्याले..."

पुंजाजींनी घडी घातलेली नोट पुढं केली. नजर खिडकीबाहेर होती.

"अकोला. एक अर्ध," ते म्हणाले. "द्या, कंडक्टर साहेब."

धम्मदीपनं मशीनचं बटण दाबलं आणि बापाच्या हातात तिकीट दिलं.