पाण्यातला नावाडी

पहाटे पाचला बायकोच्या, तानाबाईच्या टोमण्याने श्रावण पेंटरचा दिवस सुरू झाला.

"मारेगावातल्या निम्म्या भिंतींवर नदीतले डोंगे काढले तुम्ही. बसले कितीकदा?"

"एकदाही नाही."

"मंग शोभाताईच्या कामाच्या मजुरीतून मले डोंग्यात फिरवा. नाही तं उद्यापासून चहा तुमचा तुम्ही करा."

श्रावणला चहा करता येत नव्हता.

शोभाताईंच्या बैठकीतल्या भिंतीवर त्याने नदी जीव ओतून काढली होती. निळ्यात पांढरा मिसळून लांबचा काठ फिका केला, ओल्या स्पंजने पुसून त्यावर धुकं आणलं. पाण्याचा रंग ओला असतानाच झाडांची प्रतिबिंबं खाली ओढली, मग कोरड्या ब्रशचा हलका आडवा हात फिरवला. मधोमध डोंगा, त्यात वल्हं मारणारा नावाडी. सकाळ इतकी शांत उतरली होती, की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा.

शोभाताईंनी आणला नाही.

"श्रावणभाऊ, डोंगा दाराकडे चालला ना. घरातली लक्ष्मी बाहेर नेता काय? तो आत वळल्याशिवाय मजुरी मिळणार नाही."

डोंगा पुसून नवा काढायचा म्हणजे दिवस गेला. श्रावण भिंतीपुढे उकिडवा बसून बघत राहिला. डोंग्याची दोन्ही टोकं सारखीच. मग डोंगा कशाला वळवायचा? त्याने फक्त नावाडी पुसला आणि दुसऱ्या टोकाला, घराकडे तोंड करून बसवला. लक्ष्मी माघारी फिरली. श्रावण ब्रश धुवायला लागला.

शोभाताईंनी चष्मा लावला.

"वरचा घरात येऊन राह्यला. पाण्यातला अजून बाहेरच चालला."

नावाड्याचं पाण्यातलं प्रतिबिंब जुन्याच टोकाला राहिलं होतं. ओल्यात केलेलं काम वाळल्यावर ठिगळ लावून जमत नाही, डाग दिसतो. त्यामुळे श्रावणला काठापासून काठापर्यंत सगळं पाणी पुन्हा काढावं लागलं. वाचवलेला दिवस असा गेला. संध्याकाळी शोभाताईंनी मजुरी दिली, पण आधी दोन्ही नावाडी तपासले.

रविवारी दोघं वर्धा नदीच्या काठावर गेली. तानाबाई डोंग्यात ऐटीत पुढे बसली. श्रावणने दोन्ही हातांनी कड धरली आणि डोळे मिटले. तिने वाकून पाहिलं. पाणी गढूळ.

"अवो, यात तं नावाडी दिसूनच नाही राह्यला. दिवसभर कायले घासत बसलते मंग?"

श्रावणने डोळे न उघडता कड आणखी घट्ट धरली. मजुरीतून डोंग्याचं जाण्यायेण्याचं भाडं आधीच देऊन झालं होतं. नाहीतर परतताना तो पुलावरून पायी आला असता.