तीन वेळा पुकारा

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बटण दाबलं की येते. शेजारचे अण्णा तिला पुकारायचे. "लिफ्ट हाजीर होऽऽ!" असं तीनदा. तरी आली नाही तर ती गैरहजर धरायची आणि जिन्याने निघायचं. हसू नका. निपाणीच्या कोर्टात आधी पुकारा करण्यात आणि मग बेलिफ म्हणून नोटिसा चिकटवण्यात जन्म गेलेला माणूस, निवृत्त होऊन इलेक्ट्रॉनिक सिटीत आल्यावर दुसरं काय करणार?

फ्लॅट घेतला तो समोरच्या बागेसाठी. अण्णांच्या बायकोचे, म्हणजे अक्कांचे, दोन्ही गुडघे बदललेले. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मंजूर नकाशात बाग होती. आणि एका सकाळी तिथे जेसीबी उभा! बिल्डरला अजून एक इमारत सुचली होती. अक्का बाकावर मटकन बसल्या. "आता मी कुठं चालू हो?"

अण्णांनी ट्रंकेतून काळा कोट काढला.

बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार गेली. सुनावणी ऑनलाइन, म्हणून लॅपटॉप लावायला मी, शेजारचा फुकटचा आयटीवाला. वर कोट, खाली लुंगी. नाव पुकारताच अण्णा ताडकन उठले. स्क्रीनवर फक्त पोट. "हाजीर!" अशी डरकाळी फोडली, पण माइक बंद.

"अण्णा, माइक! आणि बसा हो, हे काही कोर्ट नाही."

"अधिकार कोर्टाचेच की रे, पुणेकर! समन्स काढतंय, काम थांबवतंय. खुर्ची तेवढी स्वल्प वेगळी."

आणि खरंच आदेश निघाला. निकाल लागेपर्यंत बागेत कुदळसुद्धा मारायची नाही. मी तो बिल्डरला मेल केला. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मेलला खळ कुठं लावतोस?"

दुसऱ्या सकाळी मैद्याची खळ शिजवून त्यांनी मला पंच म्हणून बाहेर ओढलं. माझी अर्धी दाढी व्हायची होती.

"साहेब नाहीत, मी घेणार नाही," सुपरवायझर म्हणाला.

अण्णांचा चेहरा खुलला. "घेत नाही म्हणतोय! पंच, ऐकलं ना?" घेतली नाही तर नोटीस दारावर चिकटवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. इथे दार कुठलं? त्यांनी ती जेसीबीच्या काचेवर चिकटवली, ड्रायव्हरच्या अगदी नाकासमोर.

"अण्णा, पुढचं काही दिसेना!" तो आतून ओरडला.

"सरी, बरोबरच आहे! आदेशात तेच लिहिलंय. पुढं जायचं नाही."

जेसीबी पीं-पीं करत उलटा निघून गेला. मी साबणाच्या तोंडाने टाळ्या वाजवल्या.

"पण तिसऱ्या पुकाऱ्याला कुणी बोललं नाही," अण्णा अक्कांना बजावायचे, "तर तक्रार गेली. बागही गेली."

आणि हा गृहस्थ शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी झोपेतच गेला. मला तर रागच आला. तारीख सोडून कुणी जातं का!

सुनावणीला लॅपटॉप मीच लावला. नाव पुकारलं. मी सवयीने अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पुकारलं. मी माइकच्या बटणाकडे हात नेला.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा अक्कांनी माझा हात बाजूला सारला आणि आधी माइक चालू केला. मग साडीवर तो काळा कोट सावरत, टेबलाला धरून त्या नव्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या.

"हाजीर!"

खाली बागेतला वॉचमन दचकून आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बघायला लागला.