धुळे स्टँडवरची भाऊबीज

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. दसरा नुकताच झालेला. भाची रडत रडत सांगत होती, आणि इकडे वांग्यांचा पार कोळसा झाला...

लोकांसाठी माझा धाकटा भाऊ हायकोर्टाचा ज्येष्ठ न्यायमूर्ती. अपिलाचा निकाल असा लिहायचा म्हणे, की हरणाऱ्यालाही आपण का हरलो ते कळावं. असेल बाई! मला आठवतो तो धुळ्याच्या घरातला बापू. लाडवाचे दोन तुकडे करून मोठा मला देणारा आणि मग तासभर फुरंगटून बसणारा.

माझं सासर चोपड्याजवळ. तिथे माझ्या मालकांचा आणि चुलतदीर आनंदाभाऊंचा शेतरस्त्यावरून दावा लागला. तो वर वर चढत बापूच्याच हायकोर्टात पोचला. मला आपलं वाटलं, आता काय, घरचाच जज! दावा दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे होता, तरी बापूचा फोन आला. "अक्का, निकाल लागेपर्यंत तुझा उंबरा चढणार नाही."

"आणि भाऊबीज?"

"धुळ्याला ये. स्टँडवर."

आईवडील गेल्यावर माहेरचं घर विकलेलं. मग काय, कित्येक भाऊबिजा मी ताट घेऊन एसटीने गेले. बाकावर टोपी घालून जजसाहेब बसलेले, निरांजन वाऱ्याने विझतंय, आणि शिरपूर गाडीची माणसं आ वासून बघताहेत. "अरे, निदान एखाद्या हॉटेलात तरी बस!" मी वैतागायचे. तो हसून म्हणायचा, "राहू दे. आठे बठ्ठा देखतीन." सगळ्यांनी बघावं, हेच त्याला हवं असायचं.

शेवटी आम्ही हरलो. मी इतकी संतापले, की घरात कुणाला बापूचं नावही काढू देईना. त्याच वर्षी भाऊबिजेला बापूची गाडी दारात उभी! पाटावर मांडी ठोकून म्हणतो कसा, "अक्का, माले भूक लागनी शे." मी भरीत-भाकरीचं ताट आदळलं. "कसला रे भाऊ तू!"

त्याने हातातला घास खाली ठेवला. "तू जिंकली असतीस ना अक्का, तर या दारात मला पुन्हा ताठ मानेनं येता आलं नसतं."

मला रडूच कोसळलं. रडत रडतच ओवाळलं त्याला.

बापू गेल्यावर आनंदाभाऊ भेटायला आले, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. म्हणाले, "वहिनी, तुमचा भाऊ जज, म्हणून मला धास्ती होती. पण ते तुमच्याकडे फिरकत नाहीत, हे गावभर माहीत होतं. त्या भरवशावर झोप लागायची मला."

परवा भाऊबीज झाली. भाऊ नसला की चंद्राला ओवाळावं, असं घरातल्या सगळ्यांनी सुचवलं. पण चंद्राचं काय, तो कुणाच्याही अंगणात येतो. माझा भाऊ तसा नव्हता... मी ताट भरलं. आनंदाभाऊंनी मोटारसायकलवरून चोपड्याच्या स्टँडपर्यंत सोडलं, तिथून धुळ्याची एसटी धरली. तोच बाक, तोच मेला वारा. निरांजन लावलं आणि दोन्ही हातांचा आडोसा धरून बसले. बठ्ठे बघत होते.