देवीमागे जाणारं विमान

गावात सांगतात की कंट्रोलरला विमानांचं वेड होतं. ते खरं नाही. त्याला एकच विमान हवं होतं. बाकीची वाटेत आली म्हणून त्याने पाहून घेतली.

महाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्याने आयुष्यभर गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन तो पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आला, तेव्हा बायको आधीच गेली होती. मुलगी सुजाता वैमानिक झाली आणि मुंबई-कोची फेरी तिच्याकडे आली. विमान आपला ठावठिकाणा सतत रेडिओवर सांगत जातं आणि तो घरी पकडता येतो, हे तिनेच त्याला दाखवलं. त्यासाठी एक छोटा कॉम्प्युटर आणि अँटेना लागतो. मोबाइलवर आयतं दिसतं की, असं मी म्हणालो.

"ती दुसऱ्याच्या गच्चीवर पकडलेली, अण्णा. मला माझ्या पत्र्यावर आलेली हवी."

पहिला अँटेना खिडकीत होता. तिथून आकाश कमी आणि शेजारचा गोठा जास्त. मग त्याने तांब्याच्या तारेचा केला: मधली तार बोटाएवढी, उभी, चार तारा खाली वाकवलेल्या, मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या. तो पत्र्यावर चढवला, तर लांब केबलमध्येच अर्धा सिग्नल जिरला. कंट्रोलरने केबल कापली आणि कॉम्प्युटरसकट स्वतःचा मुक्काम माळ्यावर हलवला. मे महिना होता. कोणी विचारलं तर सांगे, "सिग्नलला खाली यायला जड जातं. मीच वर आलो."

सुजाताचं विमान कशेडीच्या डोंगराआड गेलं की तो जेवणाचं ताट झाकून ठेवी. परतीचं विमान उमटेपर्यंत घास नाही. ही स्टँडवरची सवय. घाटात शिरलेल्या गाडीचा खेडहून फोन येईपर्यंत तो चहाही घेत नसे. "गाडी सुटली म्हणजे पोचली असं नाय," एवढंच म्हणायचा. पण आता त्याला मधुमेह होता. दोनदा चक्कर येऊन पडला. डॉक्टर रागावले, सुजाता रडली. त्याचं म्हणणं, विमान अजून लांबपर्यंत दिसलं तर उपास आपोआप लहान होईल.

त्याला उंची हवी होती, आणि उंची देवीच्या टेकडीवर होती. विषय गावकीत आला. अध्यक्ष मी. देवळाच्या कळसाच्या वर काही न्यायचं नाही, असा नियम. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने फोनवरून त्याला दुजोरा दिला. दक्षिणेला देवराई, तिथे काठी रोवायची नाही. मी उत्तरेच्या अंगाला, कळसापेक्षा वीतभर खाली एक बांबू मंजूर केला आणि मोठा न्याय केल्यासारखा घरी आलो.

कंट्रोलरने वाद घातला नाही; कॉम्प्युटर आणि जेवणाचं ताट घेऊन तो बांबूखाली बसू लागला. मुंबईकडून येणारं विमान आता लवकर दिसे, पण दक्षिणेला देवळाचं सिमेंटचं शिखर आडवं. "देवीमागे गेली," तो स्टँडवरच्या आवाजात सांगे आणि ताट झाकी.

एका दुपारी ते ताट झाकलेलंच राहिलं. डॉक्टर म्हणाले हृदय, गाव म्हणालं वेड.

पुढच्या शिमग्याआधी देवीचं निशाण बदलायला गुरव शिडीवर चढला. निशाणाची काठी कळसाच्या चांगली हातभर वर जाते. निशाण देवीचंच, म्हणून ते नियमात बसतं. दरवर्षी ते मीच बांधून घेतो. कंट्रोलर विचारायला आला तेव्हाही ते आमच्या डोक्यावर फडकत होतं.

मी गावकीत पुन्हा विषय काढला. मुंबई मंडळातला एकजण म्हणाला, "अण्णा, माणूस गेल्यावर अँटेना कशाला?"

"पोरगी अजून उडतेय," मी म्हटलं.

अँटेना निशाणाच्या काठीला बांधला, कॉम्प्युटर सभामंडपात ठेवला. सुजाता आता गोव्याच्याही खाली जाईपर्यंत दिसते. त्यापुढे पृथ्वीच वाकते; तिथे गावकीचं चालत नाही. ती परत उमटेपर्यंत मी ताट झाकून ठेवतो. मला मधुमेह नाही, त्यामुळे चालतं.