बर्फावरचं व्याख्यान आणि तांबडा झरा

हिमालयात स्कीवरून भटकायचा कोर्स करून आलो आणि लोणावळ्यात मला शिंगं फुटली. तुंगार्लीतल्या बंगलेवाल्यांना जमवून मी वसंतातल्या हिमस्खलनावर व्याख्यानं देऊ लागलो. ऊन तापलं की बर्फ वितळतो, पाणी झिरपत तळाशी जातं आणि वरचा अख्खा थर सुटून खाली येतो. म्हणून पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता. ज्यांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता, तेही गंभीरपणे माना डोलवत.

श्रावणात यांच्यातल्याच अकरा जणांना घेऊन मी पवनानगरच्या वरच्या डोंगरात गेलो. चार दिवस पाऊस कोसळून त्या सकाळी उघडीप होती. वाटेतल्या वाडीत एक मावशी आम्हाला नेहमी चहा-भजी करून देत. त्या दिवशी त्या आपली शेरडं गोठ्यातून काढून पलीकडच्या टेपाडावर बांधत होत्या.

"भाऊ, आज त्या उताराच्या वाटंनं जाऊ नगा," त्या म्हणाल्या. "झऱ्याचं पानी तांबडं झालंय. डोंगर आतून सुटतोय."

मी मोबाईल पुढे केला. दिवसभर स्वच्छ हवामान, शेजारी हसरा सूर्य.

"ह्यात झरा कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मंडळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

आम्ही वाचलो ते भज्यांमुळे. एका निवृत्त साहेबांचा पाय भजी खाल्ल्याशिवाय उचलेना आणि मी चिडून त्यांना घड्याळ दाखवत होतो. दुसरा घाणा कढईत असताना समोरचा उतार झाडांसकट खाली आला. आमची वाट गेली, मावशींचा रिकामा गोठाही गेला. मला भीती वाटली आणि लाजही वाटली. लाज फार टिकली नाही. संध्याकाळी ग्रुपवर 'लीडरच्या अचूक निर्णयाचं' कौतुक सुरू झालं आणि मी नम्रपणे हात जोडलेलं चित्र टाकलं.

महिन्याभरानं माफी मागायला गेलो. मावशी नव्या गोठ्याच्या मेढी रोवत होत्या. माफीचे शब्द तोंडातून निघेनात, म्हणून सवयीनं बर्फाचंच सांगत बसलो. पाणी तळाशी कसं जातं, थर कसा सुटतो, सगळं.

त्यांनी हातातलं काम न थांबवता शेवटपर्यंत ऐकलं.

"मंजी तुमाला समदं ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तरीबी त्या अकरा जनांना घिऊन निघालता."