मागच्यासाठी

माझा धाकटा दीर सव्वीस वर्षं बस चालवत होता. डेपोत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'थांबा' म्हणत. आरशात कोणी धावत येताना दिसलं की याचा पाय ब्रेकवर गेलाच. त्यापायी वेळापत्रक कोलमडायचं, साहेबांची बोलणी खायचा, पण पळत्या माणसाला टाकून त्याने गाडी कधी पुढे काढली नाही. लग्न तेवढं राहून गेलं. "सगळ्यांसाठी थांबलास, एकीसाठी थांबायला काय झालं होतं?" असं मी चिडवायचे. "अगं वहिनी, ती धावत यायला तर हवी ना!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी या घरात आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मला अगं-तुगंच करायचा.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत त्याचा डावा कान मंद निघाला. स्टिअरिंग काढून घेतलं आणि डेपोतल्या कपाटांतल्या फायली लावायला बसवलं. आधी चिडला, मग गप्प झाला, मग कामावर जायचंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी ताट नेऊन ठेवायचे आणि तसंच उचलून आणायचे. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. गोळ्या दिल्या, पण व्यायामही हवाच म्हणाले. "घराबाहेर फिरायला तयार नसतील तर आपल्याकडे चष्म्याची सायकल आहे."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती होती, जमिनीला घट्ट बसवलेली. डोळ्यांवर डबीएवढा जाड काळा चष्मा चढवायचा आणि पेडल मारायचं. चष्म्यात रस्ता पळू लागतो, झाडं येतात, तळं येतं, पूल येतो; मान वळवली की मागचा रस्ताही दिसतो. थांबाने चष्मा उलटसुलट करून बघितला. "घोड्याला लावतात ती झापडं," म्हणाला. सहा महिन्यांतला त्याचा पहिला विनोद.

फॉर्म मी भरला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की चष्म्यात एक सोबती दिसेल, तो संगणकाने केलेला आहे, आणि रुग्णाला हुरूप यावा म्हणून तो कायम थोडा मागे राहील. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी ते वाचूनही दाखवलं. पण त्या उभ्या होत्या थांबाच्या डाव्या बाजूला.

पहिल्या दिवशी उतरल्यावर त्याने विचारलं, "वहिनी, मागे एक माणूस होता. कोण गं तो?"

इतक्या महिन्यांनी तो आपणहून काही विचारत होता. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. "असेल तुझ्यासारखाच कोणी. दुसऱ्या दवाखान्यात बसून चालवत असेल."

"बोलत नाही तो."

"तू तरी कुठे बोलतोस?"

एवढ्यावर राहिले असते तरी निभावलं असतं. पण पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं आणि मी म्हणून गेले, की तो पोस्टमन होता म्हणे, गुडघा अधू झाला म्हणून काम सुटलं. कुठून सुचलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी थांबाने दाढी केली. "चल लवकर, मागचा वाट बघत असेल." मग जेवायला बसलं की मागच्याच्याच गोष्टी. "आज चढावर फार दमला बिचारा. मी हळू घेतलं." एकदा घास हातात धरून म्हणाला, "गुडघ्याला शेक घेतो का गं तो? विचारशील ताईंना?" विचारते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी "घेतो म्हणे" असं सांगूनही टाकलं. आमचे हे स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "आता त्या पोस्टमनचं लग्नही लावून दे." मला हसू आवरेना. थांबाचं ताट रिकामं परत येत होतं, मला आणखी काय हवं होतं?

तिसऱ्या महिन्यात ताई कागद घेऊन आल्या. "काका, झोप सुधारली, जेवण सुधारलं. मग वेग रोज कमी का होतोय? हल्ली तर माणूस चालतो त्याहून हळू चालवताय."

"मागच्याचा गुडघा दुखतो ना," थांबा समजावू लागला. "त्याने गाठावं म्हणून मी हळू करतो, तर तो आणखीच हळू होतो. किती वाट बघावी? बरोबरीला येतच नाही. तुम्ही जरा त्याच्या डॉक्टरांशी बोला."

ताई बघतच राहिल्या. "अहो काका, तो येणारच नाही. तो माणूस नाही, यंत्रातलं चित्र आहे. तुम्ही हळू झालात की तोही होतो. वहिनींना माहीत आहे की! फॉर्मवर त्यांची सही आहे."

थांबाने चष्मा सावकाश उतरवला. कपाळावर, नाकावर त्याचे वळ उमटले होते. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आणि शेक?"

मी मान खाली घातली.

घराच्या दारात किल्ली फिरवताना तो म्हणाला, "सव्वीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. हसं कोणी केलं नव्हतं. स्वयंपाकघरातून हसू यायचं ते माझंच होतं ना?"

"अरे, तुझ्या बऱ्यासाठीच मी..."

"असेल. तुमचं बरोबरच असेल."

तुमचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुन्हा भिंत. पुन्हा भरलेलं ताट. तीन दिवस मी त्याच्या दाराशी जाऊन मागे फिरत होते. माणूस उठला होता तो दुसऱ्याला सांभाळायला, आणि तो दुसरा मीच रचला होता. आता कोणत्या तोंडाने उठ म्हणायचं?

चौथ्या दिवशी सकाळी बुटांचा आवाज आला. तो एकटाच बाहेर पडला होता. मी गॅस बंद केला आणि तशीच मागे निघाले. तो झपाझप चालला होता. "अरे, थांब!" मी ओरडले. त्याने वळून पाहिलं नाही. माझी धाप वाढत गेली, अंतर वाढत गेलं. आज हा मला टाकून जाणार, असंच वाटलं.

कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी तो उभा राहिला, पाठ माझ्याकडेच. मी पोचले, दुकानाच्या शटरला धरून उभी राहिले.

"दम खरा लागलाय ना तुम्हाला?"

"खरा आहे रे."

इंजिनाचा आवाज ऐकावा तसा उजवा कान माझ्याकडे करून त्याने थोडा वेळ ऐकलं. मग निघाला. वेग काही कमी केला नाही.

याला तीन आठवडे झाले. तो रोज जातो, मी रोज मागून जाते. कोपऱ्यावर मी पोचेपर्यंत थांबतो आणि मी पोचले की चालू लागतो. बोलणं त्या दिवशी झालं तेवढंच.